बेल्ट किती, हा हिशोब शेवटी करा: बंद गाडीत माल जागेवर कसा राहतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रबाळेच्या युनिटमधून दोन टनांचं एक मशीन आणि सुट्या भागांच्या खोक्यांची आठ पॅलेट बत्तीस फुटी बंद गाडीने निघाली. केबिनच्या बाजूला बेंगळुरूची पाच पॅलेट, मध्ये मशीन, दाराशी पुण्याची तीन पॅलेट. पुण्याची पुण्यात उतरली. बेंगळुरूत दार उघडलं तेव्हा मशीन पुढे सरकून खोक्यांवर आदळलेलं होतं आणि दोन पॅलेट आडवी झाली होती. मशीनवरून चार बेल्ट टाकले होते आणि प्रत्येकावर ‘५००० किलो’ छापलेलं होतं. ड्रायव्हर म्हणतो, घाटात जोरात ब्रेक मारावा लागला. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, पॅकिंगच कच्चं होतं. आणि तुम्ही विचारताय, पुढच्या वेळी बेल्ट सहा लावू की आठ?

तळोजा, कळंबोली आणि न्हावा शेवाजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामांत, माल भरून बांधून देण्याचं काम मी बरीच वर्षं बघतो आहे. हाच प्रश्न जवळपास याच शब्दांत मला कायम विचारला जातो. तुम्ही सांगितलेल्या हकिकतीत मला बेल्टची कमतरता दुसऱ्या नंबरवर दिसते. पहिल्या नंबरवर दोन गोष्टी आहेत. मशीनपुढे फूटभर मोकळी जागा होती, आणि मशीनच्या लाकडी स्किडखाली, म्हणजे मशीन ज्या बैठकीच्या चौकटीवर ठेवतात तिच्याखाली, धुळीने माखलेला पत्रा होता. म्हणजे मशीनला सरकायला वाव होता आणि त्याला धरून ठेवायला खाली काही नव्हतं. या दोन गोष्टी तशाच ठेवून आठ बेल्ट लावलेत तरी पुढची खेप नशिबावर जाईल.

आधी हेही सांगतो की माझं उत्तर चार गोष्टींवर बदलतं आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. पुढच्या खेपेच्या गाडीचा तळ लाकडाचा असेल की याच गाडीसारखा पत्र्याचा. आत बेल्ट अडकवायला कड्या आहेत का, आणि असतील तर त्या तळाच्या सांगाड्याला जोडलेल्या आहेत की नुसत्या बाजूच्या पत्र्याला. गाडीला सील लागतं का, म्हणजे वाटेत दार उघडता येतं का. आणि भरताना डॉक, म्हणजे गाडीच्या तळाच्या उंचीचा चौथरा, आहे की फोर्कलिफ्ट जमिनीवरून माल दाराशी ठेवते. तुम्ही चार बेल्ट लावलेत म्हणजे कुठेतरी अडकवायला जागा होती एवढंच मला कळतं. ती जागा कसली होती ते बघून घ्या. बंद बॉडीच्या बऱ्याच गाड्यांत कड्या नसतातच, आणि हमाल मंडळी बेल्टचा हूक बाजूच्या पत्र्याच्या पट्टीत अडकवून मोकळी होतात. ती पट्टी खोकी खरचटू नयेत म्हणून असते, टनांचा ओढा सोसायला नाही.

आता मूळ मुद्दा. वरून टाकलेला बेल्ट माल धरून ठेवत नाही. तो मालाला खाली दाबतो, एवढंच. दाबल्यामुळे माल आणि तळ यांच्यातलं घर्षण वाढतं आणि त्या घर्षणामुळे माल थांबतो. म्हणून बेल्टवर ५००० छापलं असलं तरी तुमच्या कामाचा आकडा तो नाही. ५००० हा बेल्ट तुटण्याचा आकडा. त्याच लेबलवर बारीक अक्षरात दुसरे दोन आकडे असतात. सरळ ओढीत तो किती भार घेऊ शकतो तो एक, ५० मिलिमीटर रुंद बेल्टला साधारण २५०० किलो. आणि हाताने रॅचेट, म्हणजे बेल्ट आवळायचा दांडा, आवळल्यावर बेल्टमध्ये प्रत्यक्ष किती ताण बसतो तो दुसरा. साध्या रॅचेटला तो ३०० ते ३५० किलोच्या आसपास असतो. वरून टाकलेल्या बेल्टसाठी हा शेवटचा आकडा खरा. लेबलच नसेल तर तो बेल्ट बाजारातून घेऊ नका.

तुमच्याच मशीनचा हिशोब मांडून दाखवतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ मध्ये माल भरण्याचा जो सीटीयू कोड काढला, त्यात रस्त्याच्या प्रवासासाठी धरायचे जोर दिलेले आहेत. जोरात ब्रेक लागला की माल पुढे ढकलला जातो तो आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने. वळणावर बाजूला आणि चढावर किंवा झटक्याने मागे, वजनाच्या निम्म्या जोराने. म्हणजे दोन टनांचं मशीन पुढे ढकललं जाईल १६०० किलोच्या जोराने. कोरडं, स्वच्छ लाकूड आणि प्लायवूड असेल तर घर्षण चांगलं मिळतं, पण धूळ, तेलाचे डाग, पत्रा हे सगळं धरून मी वजनाच्या ३० टक्क्यांच्या वर जात नाही. तर ६०० किलो जमिनीने धरले. उरले हजार.

हे हजार किलो बेल्टने धरायचे. एक बेल्ट दोन्ही बाजूंनी मिळून ६०० किलो दाबतो, आणि त्या दाबाचे ३० टक्के म्हणजे १८० किलो एवढीच त्याची खरी मदत. हजाराला १८० ने भागा, साडेपाच येतात. त्यावर थोडी सुरक्षा धरली की सात बेल्ट. तुमच्याकडे चार होते. आणि हे सातही तेव्हाच, जेव्हा बेल्ट मशीनच्या दोन्ही अंगांना जवळपास उभे खाली उतरतात. मशीन बुटकं आणि कड्या लांब असतील तर बेल्ट तिरका जातो आणि दाब कमी होतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की दाब निम्माच उरतो, म्हणजे सातचे चौदा.

आता त्याच स्किडखाली घर्षण वाढवणाऱ्या रबरी मॅटचे तुकडे टाका. लॅशिंगसाठी, म्हणजे माल बांधताना वापरायला, मिळणाऱ्या चांगल्या मॅटला ६० टक्के घर्षण धरता येतं. जमीन १२०० किलो धरते, उरतात ४००. प्रत्येक बेल्टची मदत १८० वरून ३६० वर जाते. सुरक्षा धरूनही दोन बेल्ट पुरतात. सात आणि दोन यांच्यातला हा फरक काही मिलिमीटर जाडीच्या रबराने पडतो, तोही जर स्किड पूर्ण मॅटवर टेकलेलं असेल आणि कडेने थेट पत्र्याला लागत नसेल तर. म्हणून माझ्याकडे कोणी बेल्टची संख्या विचारली की मी आधी तळ झाडून घ्या म्हणतो. झाडू मारणं, तेलाचा डाग भुशाने टिपून पुसणं, मॅट टाकणं. या कामाला अर्धा तासही लागत नाही आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच.

तरीसुद्धा तुमच्या गाडीत मी मुख्य भरवसा बेल्टवर ठेवणार नाही, मॅट असली तरी. कारण गाडीला सील असेल. रस्त्याच्या हादऱ्यांनी माल बसतो, लाकूड दबतं, खोक्यातली हवा निघते, आणि बेल्ट सैल पडतो. उघड्या ट्रेलरवर ड्रायव्हर कळंबोलीला किंवा खालापूरच्या टोलच्या आधी उतरून बेल्ट पुन्हा आवळू शकतो. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर आवळायचाच असतो. सीलबंद गाडीत हे होत नाही. रबाळेत आवळलेला बेल्ट ठाणे-बेलापूर रस्त्याचे स्पीडब्रेकर आणि उड्डाणपुलांचे सांधे खाऊन घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत किती आवळलेला राहिला, हे बघायला आत कोणी जाणार नाही. लाकडाचा अडसर मात्र सैल पडत नाही, तो नीट ठोकलेला असला म्हणजे झालं. म्हणून बंद गाडीत माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा मोकळी जागा संपवायची. मग घर्षण. बेल्ट त्यानंतर.

मोकळी जागा संपवायची म्हणजे काय? सीटीयू कोड म्हणतो की कुठल्याही आडव्या दिशेने सगळ्या फटींची बेरीज १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त होऊ देऊ नये. पुण्याच्या कारखान्यांत चालणारं १२०० बाय १००० चं पॅलेट घ्या. एक आडवं एक उभं असं दोन शेजारी ठेवलं की २२०० मिलिमीटर होतात. न्हावा शेवाच्या निर्यातीच्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २३५० असते, म्हणजे फट बरोबर मर्यादेवर येते. तुमच्या बत्तीस फुटीची रुंदी थोडी जास्त भरते, तिथे भर घालावी लागेल. भर मधोमध घाला, दोन पॅलेटच्या मध्ये, आणि दोन्ही पॅलेट बाजूच्या भिंतींना टेकवा. रिकामी पॅलेट उभी करून सरकवली तरी चालतं. हवा भरायच्या कागदी पिशव्या मिळतात, त्याही चांगल्या, पण त्या मोजमापाच्या गेजनेच भरायच्या, टोकदार कडेला लागू द्यायच्या नाहीत आणि दाराला टेकवून तर कधीच भरायच्या नाहीत. दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर दार येतं.

तुमची दोन पॅलेट आडवी का झाली, याचं उत्तर मला पाच या आकड्यात दिसतं. दोन-दोनच्या दोन ओळी आणि पाचवं एकटं. त्याच्या शेजारी अख्ख्या पॅलेटएवढा खड्डा. मशीनने मागून धक्का दिला तेव्हा माल त्या खड्ड्याकडे कलला. सहावं पॅलेट नसेल तर त्या जागी रिकाम्या पॅलेटची थप्पी लावून ती बांधा, नाहीतर लाकडाची चौकट करा. एकट्या पॅलेटला मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणं हा दुसरा मार्ग आहे, पण त्याला तळात खिळे ठोकता यायला हवेत. पत्र्याच्या तळात ते होत नाही.

मशीनकडे येऊ. तुमच्या मांडणीत सर्वात जड वस्तू खोक्यांच्या मागे होती. समजा मध्ये फट ठेवली नसती आणि मशीन खोक्यांना भिडवून ठेवलं असतं, तरी हजार किलोचा रेटा पुठ्ठ्याच्या खोक्यांवर गेला असता. जड वस्तूने हलक्या वस्तूवर रेलायचं नाही. तिच्या पुढे एकतर गाडीची भिंत हवी किंवा लाकडाचा अडसर. म्हणून मी दोन टनांचं मशीन सगळ्यात आधी आत घेतलं असतं, पुढच्या भिंतीशी, मग बेंगळुरूची पॅलेट आणि शेवटी पुण्याची. दोन टनांना हे चालतं. दहा-बारा टनांचं मशीन असेल तर पुढच्या चाकांवर फार भार येतो, तेव्हा ते मागे घेऊन भिंतीपर्यंत ओंडक्यांची चौकट बांधावी लागते. लांबीच्या निम्म्या भागात एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त येऊ द्यायचं नाही, हा कंटेनरचा नियम बंद गाडीलाही लावला तर बिघडत नाही.

‘भिंतीशी’ म्हणजे भिंतीला थेट टेकवून नव्हे. शिपिंग कंटेनरची पुढची भिंत त्याच्या भरण्याच्या क्षमतेच्या ४० टक्के जोर सोसेल अशी तपासलेली असते, पण तो जोर सगळ्या भिंतीवर सारखा पसरलेला धरून. मशीनच्या स्किडचा एक कोपरा पत्र्यावर आला की पत्रा फाटतो. बत्तीस फुटी गाड्यांच्या बॉडी तर इकडच्या तिकडच्या कारखान्यांत बांधलेल्या असतात, त्यांच्या भिंतीच्या ताकदीची कोणी हमी देत नाही. म्हणून स्किड आणि भिंत यांच्यामध्ये आडव्या जाड फळ्या, एका कोपऱ्यातल्या खांबापासून दुसऱ्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंत. रेटा त्या फळ्यांनी खांबांकडे न्यायचा. फळ्या तळालगत लावा, कारण स्किड तळालगत रेटतं.

इथे तुमची अडचण मला माहीत आहे. रबाळे, महापेच्या लहान युनिटमध्ये डॉक नसतो. फोर्कलिफ्ट मशीन उचलून दाराशी ठेवते आणि तिथून पंचवीस-तीस फूट आत ढकलायचं कोणी, असा प्रश्न येतो. म्हणून मशीन जिथे ठेवता येईल तिथे ठेवलं जातं आणि बाकी माल त्याच्या भोवती. आत हँड पॅलेट ट्रक चढवून किंवा स्किडखाली पाइप घालून मशीन पुढे नेता येतं, पण जमिनीला उतार असेल तर हे काम जीवावरचं आहे. उतारावर गाडी लावून पाइपवर मशीन सरकवू नका, आणि मशीनच्या खालच्या बाजूला माणूस उभा करू नका. हे जमत नसेल तर मला स्वतःला दुसरा पर्याय जास्त पटतो. मशीन उघड्या ट्रकने पाठवा. क्रेनने वरून हौद्यात हव्या त्या जागी ठेवता येतं, बांधायला कड्या मिळतात, ड्रायव्हर वाटेत बघू शकतो, आणि वर दोन ताडपत्र्या घातल्या की पाऊसही अडतो. खोकी बंद गाडीने वेगळी जाऊ द्या. भाडं वाढेल हे मान्य आहे. पण मशीन आणि खोकी एका गाडीत घालण्याने वाचलेलं भाडं या एका खेपेत किती पट गेलं, ते तुम्ही बघताच आहात.

मशीनला उचलायचे आयबोल्ट, म्हणजे डोक्याशी कडी असलेले बोल्ट, किंवा बांधायला मजबूत जागा असेल तर वरून दाबणाऱ्या बेल्टऐवजी चार कोपऱ्यांतून तिरके बेल्ट घ्या. मशीनच्या कडीतून तळाच्या कडीपर्यंत, दोन पुढच्या कोपऱ्यांकडे आणि दोन मागच्या. इथे बेल्ट सरळ ओढीत असतो, म्हणून त्याच्या २५०० किलोचा खरा उपयोग होतो आणि चार बेल्ट दोन टनांना भरपूर होतात. पण साखळी कमकुवत कडीइतकीच. शिपिंग कंटेनरच्या तळातल्या कड्या प्रत्येकी एक टनाच्या असतात आणि वरच्या अर्ध्या टनाच्या. २५०० च्या बेल्टला एक टनाची कडी लावली तर हिशोब एका टनाचाच करायचा.

एक गोष्ट बरेचजण विसरतात. मशीन स्किडला बोल्टने आवळलेलं आहे का? स्किड गाडीत पक्कं बसवलं आणि मशीन स्किडवर नुसतं ठेवलेलं असेल तर मशीन स्किडवरून घसरतं. आणि तुमचं मशीन उंच असेल तर घसरण्याआधी ते उलटू शकतं. ढोबळ परीक्षा सांगतो. वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते बघा, आणि बैठकीच्या रुंदीचं निम्मं घ्या. हे निम्मं त्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी भरलं तर वळणावर मशीन उलटायचा धोका आहे. बैठक एक मीटर आणि वजनाचा मध्य १.२ मीटरवर असेल तर निम्मी बैठक ०.५ आणि निम्मी उंची ०.६. असं मशीन मॅटवर कितीही घट्ट बसलं तरी उलटेल. त्याला बाजूंनी वरच्या भागातून तिरकं बांधावंच लागतं, किंवा स्किड रुंद करून घ्यावं लागतं.

घाटाबद्दल ड्रायव्हर खोटं बोलत नसावा, पण त्याचं म्हणणं पूर्ण चित्र सांगत नाही. नवी मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट चढायचा असतो. चढावर, विशेषतः अडकलेल्या रांगेतून गाडी पुन्हा उचलताना, माल मागे दाराकडे ओढला जातो. आपल्याकडे माल भरताना सगळा विचार पुढच्या ब्रेकचा होतो, आणि दाराशी उरलेली दोन-तीन फूट जागा तशीच सोडली जाते. तुमच्या गाडीत पुण्यापर्यंत दाराशी तीन पॅलेट होती, मशीनला पाठ होती. पुण्यात ती उतरली आणि मशीनच्या मागे रिकामी गाडी उरली. त्यानंतर खंबाटकी, मग कोल्हापूर, बेळगाव असा लांबचा रस्ता, त्यात शेकडो वेळा ब्रेक आणि शेकडो वेळा उचल. मशीन थोडं मागे, थोडं पुढे करत एव्हाना बेल्टातून सुटलं असणार आणि शेवटच्या जोराच्या ब्रेकने फूटभर जागा धावून आदळलं. धावून आदळणारी वस्तू नुसत्या रेलणाऱ्या वस्तूपेक्षा कितीतरी जोरात मारते. माझ्या मते तुमचं नुकसान बोरघाटात नव्हे, पुण्यात झालं, तीन पॅलेट उतरवून दार लावलं त्या वेळी.

म्हणून पार्ट लोडच्या, म्हणजे एकाहून जास्त ठिकाणचा माल असलेल्या, गाडीत पहिल्या थांब्यावर काय करायचं, हे निघण्याआधीच ठरलं पाहिजे. मशीनच्या मागे आडवा अडसर रबाळेतच बसवून टाका, पुण्याची पॅलेट त्या अडसराच्या मागे ठेवा. ती उतरली तरी बेंगळुरूच्या मालाला धक्का लागत नाही. पुण्याच्या गिऱ्हाइकाकडच्या माणसांनी तुमचा उरलेला माल बांधून द्यावा, ही अपेक्षा ठेवू नका. ते त्यांचा माल मोजतात, बिल्टीवर सही करतात आणि दार लावतात.

खोक्यांच्या पॅलेटबद्दल थोडक्यात. खोकी पॅलेटच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. एकावर एक कोपरा जुळवून रचलेली खोकी विटांसारख्या सांधेबंद रचलेल्या खोक्यांपेक्षा जास्त वजन पेलतात, कारण खोक्याची ताकद कोपऱ्यात असते. पण तशी थप्पी सहज फाकते, म्हणून स्ट्रेच फिल्म खोक्यांबरोबर पॅलेटच्या लाकडाभोवतीही दोन-तीन वेढे घेऊन गेली पाहिजे. नुसत्या खोक्यांना गुंडाळलेली फिल्म असेल तर पॅलेट जागेवर राहतं आणि वरचा सगळा गठ्ठा एकसंध घसरतो. खोक्यांवरून बेल्ट घ्यायचा असेल तर कडांना पुठ्ठ्याचे कोन लावा, नाहीतर बेल्ट खोक्यात रुततो आणि तिथेच सैल पडतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि दाबाखाली बसतो. जून ते सप्टेंबर मी थप्पीची उंची एका थराने कमी करायला सांगतो.

बेल्टची निगा हा वेगळा विषय आहे, पण एवढं पाळा. कडेला चीर गेलेला, गाठ मारलेला किंवा शिलाई उसवलेला बेल्ट कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी तो उचलून वापरणार नाही. रॅचेटच्या दांड्यावर किमान दीड-दोन वेढे बसले पाहिजेत. आणि बेल्ट एकापेक्षा जास्त असतील तर रॅचेट आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला घ्या, कारण रॅचेटच्या बाजूला ताण जास्त बसतो आणि पलीकडे कमी पोचतो. नायलॉनच्या दोरखंडाने मशीन बांधू नका. ताडपत्रीला तो ठीक आहे.

आतापर्यंतचं जुळवून सांगायचं तर तुमच्या पुढच्या खेपेसाठी माझी मांडणी अशी असेल: मशीन स्किडला बोल्ट, स्किडखाली मॅट, पुढे भिंतीपर्यंत फळ्या, मागे अडसर, वरून दोन-तीन बेल्ट किंवा कड्या चांगल्या असतील तर चार तिरके. मग बेंगळुरूची पाच पॅलेट आणि सहाव्याच्या जागी भर, त्यामागे दुसरा अडसर, शेवटी पुण्याची तीन, चौथ्याच्या जागी भर आणि दाराशी एक फळी.

हे कोणी करायचं, हा आपल्याकडचा खरा दुखरा भाग आहे. माथाडी कामगार माल चढवतात, त्यांचा दर चढवण्या-उतरवण्याचा असतो. ड्रायव्हर गाडी चालवतो, त्याला माल भरताना बहुतेक वेळा गेटबाहेरच थांबवून ठेवतात. ट्रान्सपोर्टवाला भाडं घेतो. बांधणं हे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि म्हणून ते जो हाताशी असेल तो, जमेल तसं करतो. तुमच्या युनिटमधला एक माणूस या कामाला ठरवा. त्याला मॅट, फळ्या, बेल्ट यांचा एक संच द्या, दार लावायचा अधिकार त्याच्याकडे ठेवा, आणि ड्रायव्हरला आत बोलावून सगळं दाखवायला सांगा. आपल्या पाठीमागे काय आहे आणि ते कसं बसवलंय हे ज्याने पाहिलं तो ड्रायव्हर वेगळ्या हाताने ब्रेक दाबतो, हा माझा अनुभव आहे. केबिनमागच्या भिंतीवर दोन टन आदळले तर तिच्या पुढे तोच बसलेला असतो. तुम्ही नुकसान रुपयांत मोजताय, ते योग्यच आहे, पण मला या सगळ्या कामात पहिला विचार त्याचा येतो.

गाडी मागवताना ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर तीन गोष्टी विचारा: तळ कसला आहे, कड्या आहेत का, बॉडीच्या भिंतीला आतून उभे खांब आहेत का. गाडी आल्यावर माल चढवण्याआधी आत चढून स्वतः बघा. सांगितल्यापेक्षा वेगळी गाडी आली तर परत पाठवायची तयारी ठेवा. एकदोनदा परत पाठवली की नंतर बरोबर गाडी येते.

दार लावण्याआधी फोटो काढा. गाडीचा नंबर, तळ, स्किडखालची मॅट, अडसर, बेल्ट, आणि शेवटी सीलचा नंबर. विमा कंपन्यांच्या पॉलिसीत पॅकिंग अपुरं असेल तर भरपाई नाही, असं कलम असतं. सर्व्हेअर आला की पहिला प्रश्न तोच. तुमच्याकडे फोटो नसतील तर तुमचं म्हणणं आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं म्हणणं यात निवडायला त्याच्याकडे काहीच नसतं.

या झालेल्या खेपेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाने बिल्टीवर सही करताना नुकसानीचा शेरा लिहिला आहे का, ते आजच विचारा. लिहिला नसेल तर दार उघडल्यावर त्यांच्या माणसांनी काढलेले फोटो तारखेसकट मागून घ्या. कॅरेज बाय रोड कायदा, २००७ प्रमाणे वाहतूकदाराविरुद्ध दावा करायचा असेल तर त्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. फोनवरचं बोलणं त्यात धरलं जात नाही. बोलणी चालू आहेत म्हणून थांबू नका. बिल्टीची प्रत, बिल, फोटो जोडून नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. विम्याचा दावाही लगेच कळवा. आदळलेलं मशीन सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला उघडू देऊ नका. आणि जुन्या स्किडचे फोटोही घ्या. ते तुटलं असेल तर कुठून, बोल्टपाशी की तळाच्या फळीपाशी, हे कळलं तर नवीन स्किड कसं करायचं ते मी नेमकं सांगू शकेन.